आषाढातले खिम्याचे गोळे

गाझियाबाद, सोमवार

प्रिय अलकाताईस,

धाकट्या विलासचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्यानेच घालतोय, भाव मात्र आडवा आहे). भावोजींची साखर आटोक्यात असेल आणि त्यांच्या मागे लागण्याचा तुझा उत्साह आटोक्यात नसेल, असं धरून चालतो. आम्ही बरे आहोत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर माझ्या दुसऱ्याच वाक्याला तू "मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि या मुद्द्यापर्यंत जरा चालत जावं लागतं.

गेल्या गणपतीपासून आशय माझ्याशी बोलत नव्हता, हे तुला ठाऊक आहेच. तीनदा सरकारी परीक्षा देऊन तो मानेसरच्या गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात लागला, तेव्हा मी म्हणालो होतो, "एवढं शिकून शेवटी नटच आवळायचे होते तर आधी सांगायचंस, क्लासची फी वाचली असती." (वाक्य चांगलं होतं. दिल्लीत मंत्रालयात अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाने मसुदे लिहितोय. स्वतःच्या नावावर एखादं चांगलं वाक्य असावं म्हणून मी ते बोललो, आणि मुलगा गेला.) तेव्हापासून दहा महिने सगळा पत्रव्यवहार अरुणामार्फत. शुक्रवारी मात्र तिने राजीनामा दिला. म्हणाली, "रविवारी आशय येतोय, मागून लतिकाही. स्वयंपाक तुम्ही करा. मी मैत्रिणीकडे बसते, साडेसातला येईन." लतिका म्हणजे नोएडात एका चॅनेलमध्ये काम करणारी मुलगी. ती आहे हेसुद्धा मला चहा ओतताना कळलं.

आता आशयला लहानपणापासून आवडणारा पदार्थ एकच, आपल्या आईच्या हातचे खिम्याचे गोळे. कृती तुझ्याकडे आहे. पण तुला विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी व्हिडिओ पाहिला: 'सोपं, मायेचं जेवण, पस्तीस मिनिटांत'. टोमॅटोच्या रश्शात गोळे, सोबत लोणी घालून कुस्करलेला बटाटा, परतलेली फरसबी आणि (ही माझी भर) काकडीची कोशिंबीर. कॉलनीबाहेरच्या खाटकाचं शटर बंद होतं. मला वाटलं, गावी गेला असेल. दिल्लीत जाऊन आयएनए मार्केटमधून खिमा आणला. येताना कावडयात्रेमुळे रस्ता बंद, तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

पस्तीस मिनिटं मला कांदा वाटायलाच लागली. वाटलेला कांदा तसाच खिम्यात कालवला, गोळे वळले, रश्शात सोडले, आणि त्यांनी एकेक करून राजीनामे दिले. (घरात साथच होती.) मी झाऱ्याने तुकडे गोळा करत असताना मागून आवाज आला, "कांदा पिळला नाही का?"

ताई, आशयचं दहा महिन्यांतलं पहिलं वाक्य. मी म्हटलं, "व्हिडिओत नव्हतं." तो म्हणाला, "व्हिडिओत पाणी पण नव्हतं." मग बाह्या सरसावून उरलेल्या खिम्यातून त्याने मूठमूठ पाणी पिळून काढलं, डाळ्याचं पीठ मागितलं, आणि आम्ही दोघं एकाच परातीत हात घालून बसलो. माणसाचे दोन्ही हात खिम्यात बरबटले की त्याला रागावून निघून जाता येत नाही. फोन वाजला तरी घेता येत नाही. बोलावंच लागतं. कळलं ते असं, की मानेसरला खोलीवर चौघांचा स्वयंपाक हाच करतो. सकाळी सहाला कंपनीची बस असते. पहिले दोन महिने घाबरायचा, आता लाइनवर काही अडलं की याला हाक मारतात. हे सगळं तो गोळ्यांकडे बघत सांगत होता. मी पण गोळ्यांकडेच बघत ऐकलं. मला बरंच बोलायचं होतं, तोंडून निघालं, "गोळे जरा लहान कर, लवकर शिजतील."

"हे सॉरी समजू का?"

"समज."

"चलो, ठीक है," म्हणाला, आणि गोळे लहान केले.

साडेसातला मेट्रोने लतिका आली. अरुणाही वेळेवर उगवली. मी स्वतः वाढायला गेलो, तर मुलगी हसून म्हणते, "अंकल, सावन लग गया है. बाकी महीने सब खाती हूँ." मी चकितच. भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिच्यासमोर धरलं: आषाढ, अजून दहा दिवस. इतकी वर्षं इथे राहून, सावनापायी खाटीक बंद, कावडवाल्यांपायी रस्ता बंद, तरी इकडच्यांचा महिना पौर्णिमेनंतर लागतो आणि आपला अमावास्येनंतर, हे मी विसरलो. आशयने कपाळावर हात मारला (तोही विसरला होता, रक्त आपलंच). ती म्हणाली, "तो आपके घर आषाढ़ है, मेरे यहाँ सावन. दोनों चलेगा," आणि बटाटा दोनदा, फरसबी दोनदा, कोशिंबीर तर वाडगा पुसून खाल्ली. आम्ही तिघांनी अर्धे गोळे आणि अर्धा गाळ खाल्ला. आशयने गाळही परत मागून घेतला. जास्त लिहीत नाही.

तुझा,
विलास

ता. क. १: राखीनंतरच्या रविवारी लतिकाचे आईवडील येणार आहेत. तिने त्यांना गोळ्यांचं इतकं कौतुक सांगितलंय (खाल्ले नाहीत म्हणूनच जमलं) की ते खास त्यासाठी येताहेत. तेव्हा त्यांचा सावन संपलेला असेल आणि आपला श्रावण ऐन भरात. आईमागे घरातला श्रावण तूच सांभाळतेस. एका रविवारची सूट देशील का? पाहुण्यांच्या पानापुरती. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन म्हण, म्हणजे पाहुण्यांशी बोलायला घरात कुणीतरी जाणतं असेल, आणि मी एखादं चांगलं वाक्य बोलणार असं दिसलं की टेबलाखालून लाथ घालायलाही.

ता. क. २: आशयला गोळे तुझ्या कृतीचे वाटले. मी हो म्हणालो आहे. त्याचा फोन आला तर सांभाळून घे.

ता. क. ३: आशयने (आज रजा टाकून राहिलाय) आत्ता हे वाचलं. म्हणतो, आत्याला आधीच सगळं सांगितलंय, डाळ्याचं पीठ तिनेच फोनवर सुचवलं होतं. म्हणजे दहा महिने तुम्ही दोघं बोलत होतात. बरं केलंत. त्या रविवारी गोळे तोच वळणार आहे. मी कांदा पिळणार.