सहाशे बारा

९ ऑक्टोबर

नवे मास स्पेक्ट्रोमीटर — रेणूचे वस्तुमान मोजणारे यंत्र — प्रयोगशाळेत उतरवले. बसवण्यासाठी कंपनीने एक अभियंता बाई पाठवल्या आहेत. वय तिशीच्या आतले. आल्या आल्या त्यांनी टेबलावर लेव्हल ठेवली. "सर, टेबल डावीकडे झुकतंय. आधी ते सरळ करू, यंत्राचं मग बघू." त्या टेबलावर मी वीस वर्षे काम केले — कधी लक्षात आले नाही!

१० ऑक्टोबर

निर्वात पंप सुरू. आज केवळ प्रतीक्षा.

११ ऑक्टोबर

फवारा बसवला. केसाएवढी नळी, तिच्या टोकाला काही हजार व्होल्ट, भोवती नायट्रोजन. बाईंनी टॉर्चच्या उजेडात सुई अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवली. धुके स्थिर होताच हात थांबला. काय हात आहे! जुन्या यंत्रात आम्ही रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करीत असू. नाजूक रेणूचा चुराच हाती लागे. येथे तो अखंड उडतो.

म्हणूनच हिची कुपी शीतपेटीतून काढण्याचे धाडस होत आहे. हिने — माझ्या पत्नीने — झाडाच्या सालीतून वेगळे केलेले द्रव्य. वस्तुमान सहाशे बारा, हा हिचा दावा. विभागप्रमुख या नात्याने मी शोधनिबंधावर सही नाकारली होती. "तुकड्यांवरून एवढं मोठं अनुमान काढता येत नाही," हे माझे शब्द. ही एवढेच म्हणाली, "बरं. नका करू."

हिला जाऊन सात महिने झाले.

१२ ऑक्टोबर

बाई दुसऱ्या विभागात गेल्या होत्या. नमुना मीच सोडला. आलेखाचे शिखर ६३५ वर. सहाशे बाराच्या आसपास काहीही नाही.

मी बरोबर होतो. बरोबर असल्याचे इतके दुःख आयुष्यात झाले नव्हते. जेवलो नाही.

१३ ऑक्टोबर

बाईंना आकडा दाखवला. त्या चक्क हसल्या!

"अहो सर, ही जुन्या यंत्राची सवय! इथे रेणू एकटा येत नाही, कुणाचं तरी बोट धरून येतो. काचेतलं सोडियम चिकटलंय. तेवीस वजा करा."

वजा केले. सहाशे बारा!

"खात्री हवी ना?" त्यांनी फॉर्मिक आम्लाचा थेंब घातला. या वेळी सोडियमऐवजी प्रोटॉन चिकटला, म्हणजे एकच जास्त — ६१३. मी खुर्ची ओढून बसलो.

"पाणी आणू?"

"नको. पुन्हा एकदा दाखवा."

रेणू एकदाही अखंड न पाहता, निव्वळ तुकडे जुळवून हिने तो ओळखला होता. अशी बुद्धी माझ्या शेजारी बसून तीस वर्षे चहा घेत होती! सायंकाळी निबंध काढला. सही केली — चार वर्षे उशिरा.

१४ ऑक्टोबर

मुलीला फोनवर सर्व सांगितले. ती म्हणाली — "बाबा, आईला माहीत होतं. दुसरीकडच्या यंत्रावर तिनं तीन वर्षांपूर्वीच तपासून घेतलं होतं. मला म्हणाली, 'यांना सांगू नकोस गं. फार मनाला लावून घेतील.'"