मल्लखांबाच्या हॉलमधलं माझं खोटं

प्रिय देवरे सर,

तुम्हाला पत्र लिहायची माझी लायकी नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहितेय. रविवारी ओझरला तुमच्या शोकसभेत मी दहा मिनिटं बोलले, आणि जे सांगायला हवं होतं तेवढंच सांगितलं नाही.

तुमच्या फोटोशेजारी बसलेल्या काकूंनीच मला उभं केलं. "ही सरांची शाळेतली सगळ्यात लाडकी," म्हणाल्या. समोर तुमच्या व्यायामशाळेतल्या मुली ओळीनं बसल्या होत्या. मी माइक धरून म्हणाले, "सरांनी आम्हाला खरेपणा शिकवला." सर, माझी जीभ कशी झडली नाही हो?

आमच्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये काय नव्हतं! बुधवारी घोडेस्वारी, शुक्रवारी रोबोटिक्स, शिवाय वादविवाद, पोहणं, गिटार. मल्लखांबाला पहिल्या वर्षी आम्ही चौघीच होतो, त्याही पोहण्याची बॅच भरली म्हणून आलेल्या. बाकीचे कोच फाडफाड इंग्रजी बोलायचे. तुम्ही सटाण्याकडचे, खूश झालात की अहिराणीवर यायचात. मी पहिल्यांदा दोरीवर उलटी होऊन दोन्ही हात सोडले, तेव्हा तुम्ही खालून ओरडलात, "भारी शे!"

स्कूल बसमध्ये आम्ही तुमची नक्कल करून हसायचो. सगळ्यात हुबेहूब मीच करायचे.

मी अकरावीत गेले. हेड गर्ल म्हणून माझं नाव जवळजवळ ठरलं होतं. ॲन्युअल डे दहा दिवसांवर आला होता. जेवणाच्या सुट्टीत सहावीतली ईरा मागे लागली, "ताई, ती वरची अढी शिकव ना, पायानं दोरी धरायची."

हॉल उघडाच होता. तुम्ही नसताना दोरीला हात लावायचा नाही, हा नियम तिलाही ठाऊक होता.

"सर रागावतील," ती म्हणाली.

"त्यांनीच सांगितलंय मला," मी म्हणाले.

किती सहज म्हणाले! मॅट कोपऱ्यात रचून ठेवलेल्या होत्या, त्या ओढायचा मला कंटाळा आला. ईरा वर गेली, पायाची अढी सुटली आणि ती फरशीवर कोपरावर पडली. तिचा हात मोडला.

प्रिन्सिपल मॅडमच्या ऑफिसात पप्पा माझ्या शेजारी बसले होते, पिंपळगावहून द्राक्षांचं पॅकिंग सोडून धावत आलेले. मॅडमनी विचारलं, "परवानगी कुणी दिली?"

"सरांनी. म्हणाले, तुम्ही सुरू करा, मी आलोच."

ते 'मी आलोच' मला कुठून सुचलं, सर? ईरानंही तेच सांगितलं, कारण तिला ते खरंच वाटत होतं.

मग तुम्हाला आत बोलावलं. मॅडमनी माझं बोलणं तुम्हाला ऐकवलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता म्हणाल, "तन्वी, खरं सांग." तुम्ही मॅडमकडे वळून एवढंच म्हणालात, "हॉलला कुलूप लावायला पाहिजे होतं. चूक माझीच."

का, सर? एकदा तरी ओरडायचंत माझ्यावर! मी तिथेच रडून सगळं ओकले असते. बघा, अजूनही मी तुमच्यावरच ढकलतेय.

परतताना गाडीत पप्पांनी विचारलं, "नक्की ना गं?" मी खिडकीबाहेर बघत "हो" म्हणाले. पुढच्या आठवड्यात तुम्ही शाळेत नव्हतात. महिनाभरानं मला हेड गर्लचा बिल्ला मिळाला. टाळ्या वाजल्या, मी हसले, फोटोसुद्धा काढला.

बारावीच्या निकालाच्या दिवशी तुमचा मेसेज आला. "अभिनंदन. सराव सोडू नको." मी काय उत्तर दिलं? हात जोडलेलं एक चित्र! तुम्ही घराजवळ पत्र्याच्या शेडमध्ये मुलींना शिकवता, हे कळलं होतं. नाशिकहून ओझर ते किती लांब? सात वर्षांत मला तेवढं अंतर कापता आलं नाही. आले ती तुमच्या फोटोला हार घालायला.

काल पुन्हा गेले. काकू मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. ईराला मारलेली थाप, न ओढलेल्या मॅट, मॅडमसमोरचं बोलणं, सगळं. मध्येच त्यांचे हात थांबले.

"म्हणजे त्यांनी तुला सांगितलंच नव्हतं?"

"नाही काकू."

"आणि त्यांना कळलं होतं, तू खोटं बोलतेयस ते?"

"हो."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "प्रत्येक भांडणात मी त्यांना तेच ऐकवलं गं. लोकांच्या लेकरांना वाऱ्यावर सोडलंत, म्हणून नोकरी गेली. ते नुसते ऐकून घ्यायचे. आता मी कुणाची माफी मागू?"

मला वाटत होतं, मी फक्त तुमची नोकरी घालवली. तुमच्या घरात रोज काय चाललं असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. "तू जा आता," म्हणाल्या. बरोबरच केलं त्यांनी.

सर, तुमची माफी मागत नाही. तुम्ही असताना मागायची होती, तेव्हा मी लपून बसले. उद्या सकाळी शाळेत जाऊन सगळं लेखी देणार आहे, माझ्या सहीनं. तिथून ईराच्या घरी. आणि येत्या रविवारी शेडमध्ये येऊन, ज्या मुलींसमोर मी खरेपणावर बोलले, त्यांच्यासमोर हे सगळं सांगणार आहे. काकू दार उघडोत, न उघडोत. पप्पांना आज सांगितलं. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, "उद्या मी येतो सोबत." मी नको म्हणाले. त्या ऑफिसात या वेळी मला एकटीनंच बसायचंय.

तुमची लाडकी म्हणवून घ्यायला न धजणारी,
तन्वी