दहा डॉलरचं भांडण

प्रिय चावा,

फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस, चर्चमध्ये मी उजवीकडे बसले की तू डावीकडच्या खांबामागे. म्हणून म्हटलं, आता लिहूनच काढावं. पाकीट दारात पडलं की ते फोडल्याशिवाय तुला चैन पडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी तर तू माझीसुद्धा पत्रं फोडायचास. तर कॉफी करून घे आणि बस. शनिवारी आपल्या नायेलीची किन्से आहे. पोरीला पंधरा वर्षं पूर्ण झाल्याचा एवढा मोठा सोहळा, आणि तिचा चावा आजोबा येणार नाही, असं अख्ख्या सान फेर्मिनमध्ये झालंय. न्हाव्याच्या खुर्चीत बसून तू म्हणालास म्हणे, 'ज्या बाईनं माझ्या गाड्यांवर कर बसवला, तिच्या अंगणात मी पाय ठेवणार नाही.' बाई! सख्खी थोरली बहीण, तिची झाली बाई!

आधीच सांगते, माफीबिफी मागायला हे लिहीत नाहीये. काउंटीनं ठराव मतदानाला टाकला, दर गाडीमागे नोंदणीच्या वेळी वर्षाला दहा डॉलर जास्त द्यायचे, आणि तो पैसा इथल्याच रस्त्यांवरची कोंडी आणि धूर कमी करायला वापरायचा. मी ठरावाच्या बाजूच्या निवेदनावर सही केली आणि आजही करीन. तू विरोधात केलीस, तेही तुझ्या तोंडाला शोभेल असंच केलंस. मतदारांना घरपोच आलेल्या त्या पुस्तिकेत डाव्या पानावर मी, 'कन्सुएलो आर्रेओला, शाळेच्या बसची निवृत्त चालक', आणि समोरच्या पानावर तू, 'सल्वादोर आर्रेओला, गाड्यांचा निवृत्त रंगारी'. पुस्तिका मिटली की आपली दोघांची तोंडं एकमेकांना चिकटायची. फादर मला म्हणाले, 'कन्सुएलो, तुमच्या आईनं हे पाहिलं असतं तर दोघांना एकाच चपलेनं झोडलं असतं.' मी म्हटलं, फादर, त्याला आधी. तो जवळ असायचा.

तुझं पान मी नीट वाचलं होतं, बरं का. डोंगरावरच्या त्या नव्याकोऱ्या विजेच्या गाडीलाही दहा आणि आपल्या रोजंदारीवरच्या माणसाच्या गंजक्या ट्रकलाही दहा, हा कुठला न्याय, असं तू लिहिलंस. बरोबर लिहिलंस. मी हे काउंटीच्या सभेत माइकवर उभी राहून बोलले, की माझा भाऊ हट्टी आहे पण या बाबतीत त्याचं खरं आहे. तू तेव्हा बाहेर सिगारेट ओढत होतास, मग तुला कोण सांगणार. पण 'गर्दी, गर्दी म्हणतात ती कुठे आहे?' हे वाचून मात्र मला इतकं हसू आलं की लेतीला वाटलं आईला ठसका लागला. अरे सोन्या, शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी ऑर्चर्ड रस्त्यावर गर्दी करतं कोण? तू! तुझी ती निळी इम्पाला जमिनीला पोट घासत पुढे, मागे तुझ्या क्लबातले सगळे म्हातारे, प्रत्येक सिग्नलला बटण दाबून गाडी पुढून उचलायची, मागून उचलायची, तिला नाचवायची, आणि त्यांच्या मागे हॉर्न वाजवणारी सगळी दुनिया. त्यात कितीदा तरी माझी बस असायची. मुलं खिडकीतून ओरडायची, 'मिस चेलो, तुमचा भाऊ!' मला राग यायला हवा होता. पण ऊर भरून यायचा, काय करू.

तर मी बाजूनं का, तेही तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू ते कानाआड करतोस. गोदामं झाल्यापासून मोठे ट्रक हायवेची कोंडी चुकवायला शाळेच्या रस्त्यानं घुसायला लागले. सकाळी मी बस लावून उभी असायचे आणि समोर ट्रकांची रांग, इंजिनं चालू, काळा धूर थेट पोरांच्या तोंडावर. दप्तरातून श्वासाचा पंप काढणारी पोरं मी आरशात बघायचे. मग त्या आरशात एक दिवस आपली नायेली दिसली. पहिलीतली, केवढीशी, पंप तोंडाला लावून माझ्याकडे बघून हात हलवतेय. तिला घेऊन इस्पितळात धावलो ती रात्र तुझ्याच गाडीतली. सिग्नल तोडलेस तू. तिच्या पाठीवरून हात फिरवत स्पॅनिशमध्ये काय काय पुटपुटत होतास, देवाला की तिला, कोण जाणे. म्हणून तुझी सही त्या समोरच्या पानावर पाहिली तेव्हा मला राग आला नाही, मला लागलं. हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

ठराव मंजूर झाला, आणि आता शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला ट्रकांना त्या रस्त्यावर बंदी आहे, फाटकापाशी सिग्नल बसलाय, आणि कॉलेजकडे जाणारी बस पोरांना फुकट झाली. सगळं दहा दहा डॉलरमधून. नायेलीचा पंप अजून दप्तरात आहेच, फुप्फुसं काही नवी मिळत नाहीत. पण या हिवाळ्यात ती बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला लागलीय. ट्रम्पेट, चावा! भिंतीपलीकडची म्हातारी तक्रार करते, मी तिला म्हणते, वाजवू दे, तुझे कान गेले तरी चालतील.

बरं, आता मुद्द्याचं. परवा मक्याच्या पानांत उकडलेले तमाले घेऊन तुझ्याकडे आले होते. टीव्ही चालू, पडदा हलला, दार बंद. कुत्रंही भुंकलं नाही, ते बिचारं मला ओळखतं. म्हटलं पातेलं मागच्या दारी ठेवावं. अंगणात सहाच्या सहा गाड्या आच्छादनाखाली ओळीनं उभ्या. वाऱ्यानं इम्पालाच्या मागचं कापड उडालं आणि नंबर प्लेट दिसली. कोपऱ्यात नोंदणीचा गेल्या वर्षीचा स्टिकर. मी दुसऱ्या गाडीचं कापड उचललं. तोच गेल्या वर्षीचा रंग. तिसरीचं उचललं. मग मात्र मी तिथेच पायरीवर बसले आणि हसत सुटले. अरे शहाण्या, ज्या माणसानं नवा स्टिकर आल्या दिवशी चिकटवून, कुणी सोलून चोरू नये म्हणून त्यावर ब्लेडनं चिरा मारल्याशिवाय जेवण घेतलं नाही, त्याच्या सहा गाड्यांवर जुने स्टिकर? तू नोंदणीचे सगळे पैसे भरलेस आणि प्रत्येकातून आमचे दहा डॉलर तेवढे कापून घेतलेस, होय ना? आणि त्यांनी एकही स्टिकर पाठवला नाही. आता गाडी फाटकाबाहेर काढलीस की पहिल्याच चौकात पोलीस थांबवणार. शनिवारी नायेलीला इम्पालातून चर्चला न्यायचं कबूल केलं होतंस, तिला सांगितलंस 'कार्बुरेटर गेलाय', न्हाव्याकडे सांगितलंस 'बहिणीचं तोंड बघणार नाही', आणि खरं काय ते असं. सहा गाड्यांचे कार्बुरेटर एकदम जातात होय रे?

मी तुझे पैसे भरू शकते. भरणार नाही. भरले तर तू मला मरेपर्यंत माफ करणार नाहीस, आणि तुझं तत्त्व आहे ते आहे, त्याची थट्टा मी करीन, पण ते मोडायला लावणार नाही. तू दहा डॉलर देऊ नकोस. गाड्या उभ्या राहू देत. पुढच्या मतदानाला पुन्हा लिही समोरच्या पानावर, मी पुन्हा उत्तर देईन, आणि पुन्हा जिंकेन.

आमच्याकडे काय चाललंय म्हणशील तर धुमाकूळ. लेतीनं बिर्रियासाठी मटण सांगितलंय ते गावाला पुरेल. नायेलीचा झगा आला, गुलाबी नाही, गर्द निळा, आणि घेर एवढा की ती दारातून आडवी निघते. इम्पालाच्या रंगाशी जुळावा म्हणून कापड तिनं स्वतः निवडलं होतं, हे तुला कुणी सांगितलं नसेल. कार्बुरेटरचं ऐकल्यावर मला वाटलं, पोरगी आता रडणार, माझ्यावर चिडणार, म्हणणार आजी तुझ्या त्या दहा डॉलरपायी माझी गाडी गेली. लेती तर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. नायेलीनं जरा विचार केला आणि म्हणाली, 'मग आपण बसनं जाऊ. फुकट आहे.' एवढ्या घेराचा झगा आणि बस! मी बसवाल्याला विचारून आले. माझाच शिकवलेला पोरगा आहे. म्हणाला, 'मिस चेलो, पुढचा दरवाजा पूर्ण उघडतो, बाकीचं तुम्ही ढकला.' ती बस सकाळी तुझ्या घरावरूनच जाते.

पण चावा, हे सगळं मी गाडीसाठी लिहिलं नाही, आणि आपलं मिटवायलाही नाही. आपलं भांडण राहू दे, मला त्याची सवय झालीय. काल रात्री नायेली माझ्या पलंगावर येऊन बसली. नाचाच्या आधी बापानं पोरीला खुर्चीत बसवून, गुडघ्यावर टेकून, तिच्या सपाट चपला काढायच्या आणि पहिले उंच टाचांचे बूट चढवायचे, ते कोण करणार, हे आम्ही कुणीच तिला विचारलं नव्हतं. तिचा बाप टेक्ससला गेला तो गेलाच, त्याचं साधं कार्डही आलं नाही. लेती म्हणत होती तो भागच गाळून टाकू, कुणाच्या लक्षात येणार नाही. नायेली म्हणाली, 'आजी, मी गाडी मागतच नव्हते. गाडी म्हणजे आजोबा येतील एवढंच. बूट त्यांनी घालायचेत. दुसऱ्या कुणी घातले तर मी अनवाणी नाचेन.' मी म्हटलं, बरं, मी त्याला विचारून बघते. तर ती म्हणाली, 'विचारू नकोस. ते नाही म्हणतील. ये म्हणून सांग.'

तर ये.

तुझीच थोरली,
चेलो