साडेपाच नव्हे, तीन

मी, नरहरी धोंडबाजी वैरागडे, वय बहात्तर, रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार स्मृति नगर, भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड, माझ्या मागे काय कुणाला द्यावं हे इथे लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. पत्नीने दिलेला नाही. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही आणि मी कसल्या अमलाखालीही नाही. सकाळचा बिनसाखरेचा चहा तेवढा पोटात आहे. गेल्या श्रावणात केलेलं माझं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. ते का रद्द करावं लागलं, ते कलम सहामध्ये येईल. वकीलबाई पायल यांचं म्हणणं पडलं, "अंकल, विल में इतनी कहानी नहीं लिखते." पण मरणार मी आहे, त्या नाहीत. म्हणून कहाणी राहील.

कलम १. स्मृति नगरमधलं राहतं घर, आतल्या सामानासह, माझी पत्नी वसुंधरा हिला. बँकेत आणि पोस्टात जे काही असेल तेही तिचंच. कुठे काय आहे ते तिलाच माहीत आहे. मला कधीच नव्हतं. आमचा मुलगा कौस्तुभ याने आईला पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेण्याचा विषय काढू नये. काढल्यास तिने त्या दिवशी त्याला जेवायला घालू नये.

कलम २. बोरसीचा प्लॉट कौस्तुभला. हा प्लॉट मी माझ्या पगारातून घेतला, पण माझ्या वडिलांच्या आग्रहावरून. वडील तुमसरजवळच्या खेड्यातून इथल्या पोलाद कारखान्यात खलाशी, म्हणजे ओझी ओढणारा मजूर, म्हणून आले आणि भट्टीपाशी पस्तीस वर्षं राबले. मला पीएचडी मिळाली त्या दिवशी त्यांनी पेढा हातात धरून विचारलं होतं, "आता तरी सांग बाबू, तू इतके दिवस काय करून राहिला होता?"

मी म्हणालो, "अंड्याच्या पांढऱ्याले मीठ किती चिकटते, ते मोजत होतो."

त्यांनी पेढा खाल्ला. मग आईकडे वळून म्हणाले, "प्लॉट घ्यायले सांग याले. याचं काई खरं नाई."

कलम ३. माझी स्कूटर शेजारी शालिकराम भांगे यांना. याला कारण आहे. माझ्या प्रयोगांना आठवड्याला तीन डझन अंडी लागत. मला फक्त पांढरं हवं असायचं. पिवळं टाकून द्यायला वसुंधरेचा जीव होईना, म्हणून ते डबा भरून शालिकरामकडे जायचं. रोलिंग मिलमधला तगडा माणूस, त्याने सतरा वर्षं एकदाही नाही म्हटलं नाही. आज त्याला कोलेस्टेरॉलच्या दोन गोळ्या चालू आहेत. माझ्या संशोधनाचा माणसाच्या शरीरावर झालेला एवढा एकच परिणाम सिद्ध झालेला आहे. स्कूटर ही त्याची भरपाई समजावी. ती किकने सुरू होत नाही, ढकलावी लागते; त्याने त्याला व्यायामही होईल.

कलम ४. काचसामान, जुना रासायनिक तराजू आणि सेलोफेनच्या नळीची उरलेली गुंडाळी कोहक्यातल्या त्या शाळेला द्यावी, जिथे कलम सहामधली व्यक्ती शिकवते. क्लोराइड मोजण्याचे दोन इलेक्ट्रोड आहेत. त्यातला एक मेलेला आहे. कुठला, ते मला आठवत नाही.

कलम ५. हेवेदावे. आमच्या दिवंगत विभागप्रमुखांनी माझ्या नमुन्यांच्या फ्रिजमध्ये समोशाची चटणी ठेवली, त्याबद्दल मी त्यांना क्षमा करतो. तोंडी परीक्षेत "हे मोजून काय मिळालं?" असं विचारणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांचा मी चौतीस वर्षं द्वेष केला. तो दावा मी मागे घेतो. प्रश्न बरोबर होता, उत्तर अजून सापडलेलं नाही.

कलम ६. हे कलम लांब आहे.

मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभार असलेले कण सुटे होतात. त्यांना आयन म्हणतात. त्यातला क्लोराइड हा आयन प्रथिनाच्या रेणूला चिकटून बसतो. किती चिकटतात, हे मोजणं हा माझा जन्माचा उद्योग. प्रथिन सेलोफेनच्या पिशवीत भरायचं आणि पिशवी मिठाच्या पाण्यात लोंबकळत ठेवायची. मीठ आतबाहेर करतं. प्रथिन मोठं, ते आतच राहतं. दिवसभराने आतलं आणि बाहेरचं क्लोराइड मोजायचं. काही दुरुस्त्या करून आत जे जास्त उरतं, ते चिकटलेलं. मी आकडा काढला: रेणूमागे सरासरी साडेपाच. तो छापून आला. पुढे चौदा शोधनिबंधांत त्याचा उल्लेख झाला, त्यातले नऊ माझेच.

सन २००३ मध्ये अनुजा ठवकर ही मुलगी माझ्याकडे पीएचडीला आली. बाप कारखान्यात क्रेन चालवायचा. मी तिला माझंच काम पुढे न्यायला दिलं, पण वेगवेगळ्या क्षारांवर. सुरुवात माझ्या आकड्याची खातरजमा करून करायची होती. तिने मातीचा माठ आणला, त्यातल्या पाण्यात सगळी भांडी बुडवून ठेवली आणि दिवसभर एकाच तापमानाला मोजत बसली. मी सगळ्यांसमोर हसलो. म्हणालो, "प्रयोगशाळा हाय का पाणपोई?"

तिचा आकडा आला तीन.

मी परत करायला लावलं. पुन्हा तीन. असं तिने दोन वर्षांत चाळीस वेळा केलं. शेवटी ती म्हणाली, "सर, तीनच येते. तुमी एकदा पाहून तर घ्या."

मी पाह्यलं नाही. मी म्हणालो, "तुझा हात कापते. पिपेट धरता येत नाही तुले, म्हणून तीन येते. साडेपाच येईस्तोवर माझी सही होणार नाही."

माझी सही झाली नाही. तिची शिष्यवृत्ती संपली. ती प्रबंध न देता निघून गेली आणि शाळेत लागली. मी विभागात सांगितलं की मुलगी चांगली होती, पण हात हलका नव्हता.

सन २००९ मध्ये प्रयोगशाळेत एसी लागला आणि क्लोराइड मोजायचं नवं यंत्र आलं. नव्या यंत्रावर हात बसावा म्हणून मी माझा जुना प्रयोग केला. आकडा आला तीन पूर्णांक चार. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. एसी नव्हता त्या काळात मी पिशवीतला नमुना सकाळी मोजायचो, मग जेवायला घरी यायचो, आणि बाहेरचा नमुना दुपारी मोजायचो. भिलाईच्या एप्रिलमध्ये तेवढ्या वेळात खोली दहा-बारा अंशांनी तापते. तापलेला इलेक्ट्रोड बाहेरचं क्लोराइड कमी दाखवायचा, म्हणून आतलं जास्त वाटायचं. तापमानाने इलेक्ट्रोडचा आकडा सरकतो, हे मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला दर जुलैत शिकवत होतो. माझा सगळा लौकिक माझ्या जेवणाच्या सुट्टीवर उभा होता.

मी ती वही कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. प्रोफेसरकीची पाच वर्षं उरली होती. ती मी साडेपाचवरच काढली.

गेल्या श्रावणातल्या मृत्युपत्रात मी लिहिलं होतं की माझ्या मृत्यूनंतर ती वही आणि एक बंद पाकीट अनुजाला पोचवावं. पाकिटात माफीनामा. मला ते फार उदात्त वाटलं होतं. वसुंधरेने ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मेल्यावर माफी? मंग तिनं भांडाले कोणापाशी जावं? फोटोपाशी?"

मी म्हणालो, "आता सोळा वर्षं झाली. कावून जुनं उकरून काढायचं?"

"कावून म्हंजे? तुमाले लाज वाटते म्हणून तुमी मरणार, अन् आमी पाकीट घेऊन तिच्या दारात उभं राहणार? माया हातच्या जेवणानं तुमचं संशोधन बुडालं असतं तर मी तरी कबूल केलं असतं!"

तिच्या जेवणाचा दोष नाही, हे मी इथे लेखी नोंदवतो.

मग मी वही घेऊन कोहक्याला गेलो. रविवार होता. अनुजा अंगणात बसून उत्तरपत्रिका तपासत होती. आता ती शाळेत विज्ञानाची मुख्य शिक्षिका आहे, केस पांढरे व्हायला लागलेत. मला पाहून उठली, खुर्ची दिली. मी तोंडपाठ करून नेलेलं सगळं विसरलो आणि एकदम म्हणालो, "तीन. तीनच येते."

तिने हातातला पेन खाली ठेवला. "सर, हे मले २००५ लेच माहीत होतं."

"मले २००९ ले कळलं."

हे ऐकून मात्र तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "म्हंजे सोळा वर्षं तुमी चूप बसले?"

मी हो म्हणालो. ती आत गेली. मला वाटलं, आता येत नाही. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात चहा घेऊन आली. तिने दोन कपांत ओतला, आणि ओतता ओतता म्हणाली, "तुमी म्हणाले होते माया हात कापते. आकडा चूक नव्हता हे मले पक्कं होतं. पण हाताचं मी खरं मानलं सर. अकरा वर्षं मी पाहुण्याईसमोर चहा ओतला नाही. आई ओतायची. शाळेत मुलाईसमोर प्रयोग करायची पाळी आली की मी दुसऱ्या मॅडमले पुढं करायची. एक दिवस त्या आल्या नाईत, मलेच करावा लागला. तेव्हा पाह्यलं. हात ठीकच होता."

चहा निवला. मी वही पुढे केली.

तिने पानं उलटली, उत्तरपत्रिकांचा लाल पेन घेतला, एका बेरजेखाली रेघ मारली आणि म्हणाली, "इथं हातचा राहिला. तीन पूर्णांक चार नाई, तीन पूर्णांक एक." मग वही परत केली. "मले नको. माया वह्या हायत माझ्यापाशी."

"मंग काय देऊ?"

"लिहून द्या. छापाले पाठवा. अन् मेल्यावर नाई, आता."

मी पाठवलं. ज्या नियतकालिकात साडेपाच छापला होता, ते सात वर्षांपूर्वी बंद पडलं आहे. विद्यापीठाचं उत्तर आलं की निवृत्त मार्गदर्शकाने वीस वर्षांनी आपली चूक कळवल्यास काय करावं, याची नियमांत तरतूद नाही. म्हणजे माझी चूक आता कुठेच दाखल होत नव्हती, आणि बरोबर आकडाही. मी परत कोहक्याला जाऊन तसं सांगितलं. लाज दुसऱ्या खेपेलाही तेवढीच वाटली.

अनुजाने विचारलं, "मृत्युपत्राची नोंदणी होते ना? सरकारी शिक्का बसते?"

"बसते."

"तर त्याच्यात लिहा. मी सही करते."

पायल म्हणाल्या की साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेतलेलं नसणं बरं. अनुजाला मी काहीच देत नसल्यामुळे ही अडचण आली नाही.

म्हणून, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने जाहीर करतो: अंड्यातल्या त्या प्रथिनाच्या एका रेणूला, आमच्या प्रयोगातल्या पीएचला आणि क्षाराला, सरासरी तीन क्लोराइड चिकटतात. हे सर्वप्रथम अनुजा ठवकर यांनी मोजलं. मी त्यांचा प्रबंध अडवला. त्यांच्या हाताबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं, आणि मी ते तपासून न पाहता बोललो.

कलम ७. माझे दिवस थोडक्यात करावेत. अस्थी शिवनाथ नदीत सोडाव्यात. वर्तमानपत्रात "ज्येष्ठ संशोधक" असं छापू नये, "प्राध्यापक" पुरे. दहाव्याला कोणी माझ्या कामाबद्दल बोलायला उठलंच, तर कौस्तुभने त्याला हे कलम सहा वाचायला द्यावं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वसुंधरेने करावी. माझ्या जिवंतपणी तीच करत आली आहे.

ठिकाण: भिलाई
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) नरहरी धोंडबाजी वैरागडे

लिहून देणाऱ्याने आमच्या देखत सही केली, आणि आम्ही त्यांच्या देखत.

साक्षीदार १: (सही) शालिकराम भांगे, स्मृति नगर, भिलाई. स्कूटर मले नको, साक्षीदारानं काई घ्यायचं नसते असं वकीलबाई म्हणते. स्कूटर कौस्तुभले द्या.

साक्षीदार २: (सही) अनुजा ठवकर, कोहका, भिलाई. पूर्ण मजकूर वाचला. कलम सहामधला आकडा मी स्वतः मोजलेला आहे.