नौमानचा हिरवा बोर्ड

४ नोव्हेंबर २०१७

नौमान, नौमान, नौमान! कान किटले माहे.

फुफीचा, म्हणजे अब्बाच्या बहिणीचा, हा पोरगा पुण्याची नोकरी सोडून काय आला, अब्बाचं लेथचं दुकानच त्याचं झालं. तळहाताएवढा हिरवा बोर्ड घेऊन आला. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, बोर्ड मोटरींले हुकूम देते, मशीन पत्रा कापते. त्या बोर्डाचा सारा नकाशा इंटरनेटवर सगळ्यांले खुला आहे — कोणीही पाहा, बनवा, बदला. पण हा असा मिरवते, जसा यानंच पैदा केला!

अन् इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा कोणाचा? माहा. मी घरी पोरांच्या शिकवण्या घेऊन राह्यली. काऊन, तर डोणगावात शकील मिस्त्रीची पोरगी दुकानात उभी दिसली तर लोक काय म्हणतील!

हे मराठीत लिवते, कारण अम्मीले उर्दूच वाचता येते.

९ नोव्हेंबर

बोंडअळीनं यंदा कपाशी पुरी खाल्ली. कोणी काही दुरुस्तीले आणत नाही, लेथ दिवस दिवस बंद. अब्बाची सारी आस आता त्या मशीनवर. पेरणीयंत्राच्या चकत्या कापायच्या आहेत. बीटीचं बी एवढं महाग की एका जागी दोन दाणे पडलेले कोणाले परवडत नाहीत. चकतीचं भोक बरोबर बसलं तर एकच दाणा पडते. शेजारच्या गावचे कडूबाकाका अब्बाले म्हणून गेले, चकती जमली तर आमच्या गावातले सगळे तुह्याकडूनच घेतील.

नाही जमली तर अब्बा दुकान विकणार. अम्मीशी बोलताना ऐकलं मी.

१० नोव्हेंबर

डबा घेऊन दुकानात गेली. मशीन अर्ध्या चकतीवर येऊन थांबते. कापायची मोटर सुरू झाली की बोर्डाले वाटते आपण कडेले धडकलो — अन् बंद! तरी अब्बा मले म्हणतात, "पाह्य, पोरानं किती साफ काम केलं." साफ म्हणजे काय, तर साऱ्या वायरी एकाच पाइपात कोंबून वरून पट्ट्या आवळल्या. तिथंच तं घोळ आहे! कडेले टेकताच मशीन थांबवणाऱ्या स्विचच्या बारीक वायरी मोटरच्या वायरीले चिकटून गेल्यावर मोटरची गडबड त्यांच्यात घुसणारच.

मी पाइपाजवळ वाकली तसा नौमान मधात आला. "आपा, सरक. करंट आहे."

करंट आहे म्हणे! मलेच शिकवते!

घरी आली. मनात म्हटलं, अडू दे. लय अडू दे.

१२ नोव्हेंबर

अब्बा दोन दिवसांपासून धड जेवत नाहीत.

१३ नोव्हेंबर

नौमाननं बोर्डवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकून विचारलं. त्या ग्रुपवर मी कवाची आहे — 'ठिणगी' नावानं. घरात कोणाले पत्ता नाही.

लय वेळ फोन हातात धरून बसली. मग लिवलं: स्विचच्या वायरी वेगळ्या पाइपातून ने. वरून तारेची जाळी असलेल्या घे, जाळीचं एकच टोक अर्थिंगले जोड. अब्बासाठी लिवलं. त्याच्यासाठी नाही.

१५ नोव्हेंबर

चकती पुरी कापली! भोकं अशी गोल की पाहातच राहावं. अब्बा पेढे घेऊन घरी आले, नौमानच्या डोक्यावरून हात फिरवला. माह्या डोक्यावरून कवा फिरवला होता, आठवत नाही.

नौमाननं मात्र खरं सांगितलं, की ग्रुपवरच्या ठिणगीभाईनं हे सुचवलं. अब्बानं तिथंच दुवेसाठी हात उचलले. "अल्ला त्या पोराचं भलं करो. असा एक पोरगा मले पाहिजे होता."

घ्या! आता मी माह्यावरच जळू? पेढा तोंडातच राह्यला.

१६ नोव्हेंबर

अम्मी विचारते, तोंड काऊन उतरलं. डोकं दुखते म्हटलं.

२१ नोव्हेंबर

रोज नौमान विचारते, रोज ठिणगीभाई सांगते. अब्बाचं आता नवीनच. म्हणतात, त्याले इकडं बोलाव, दुकानात भागीदार करतो. ज्या पोराचं तोंड पाह्यलं नाही त्याले भागीदारी! अन् मी चहा घेऊन दारात उभी. कप त्याच्या — आपल्याच — नावानं आपटावा वाटला.

२४ नोव्हेंबर

आज नौमाननं ठिणगीले एकट्याले लिवलं. ग्रुपवर नाही.

"भाई, एक खरं सांगतो. माह्या मामूची पोरगी आहे, हीना. तिले हे माह्याहून जास्त समजते. एक दिवस मशीनजवळ उभी राह्यली तर मामू मले विचारणार नाहीत, म्हणून मी तिले जवळ येऊ देत नाही. नोकरी मी सोडली नाही भाई, मले काढलं. मले दुसरी जागा नाही. रात्रंदिवस तिच्यावर जळतो. काय करू?"

मी लिवलं — नौमान, मीच हीना आहे. उद्या आपण दोघं मिळून अब्बाले सांगू, ठिणगी कोण ते.

पाठवून दिलं.