हाऊस, होम आणि पाच बायका

सोमवार, ६ एप्रिल १९३६. सकाळी ७.१०
याच क्षणी माझा अपमान झाला. गल्लीतल्या पाच बायकांना मी फुकट इंग्रजी शिकवते. आज 'हाऊस'. इमारत, राजघराणं, पार्लमेंट असे तीन अर्थ झाले. चौथा, नाटकाचा प्रेक्षकवर्ग, सांगणार तोच समोरून हाक आली, "घाटा शिजी गया वं!" सगळ्या उठून सिंधुबाईकडे ज्वारीचे बिबडे, म्हणजे इकडचे पापड, थापायला. घाटा, म्हणजे ज्वारीचं शिजवलेलं पीठ, थंड झाला तर थापता येत नाही म्हणे. आणि मी थंड झाले त्याचं काय?
ठरलं. बोलवायला जायचं नाही.

मंगळवार
कोणी आलं नाही. आज छबूबाईचे बिबडे. कॉन्व्हेंटात अशी कोणी उठली असती तर उपाशी झोपली असती.
खिडकी लावली. उकडलं म्हणून उघडली. तिथून त्यांच्या बिबडे वाळवायच्या खाटा दिसतात, त्याला माझा इलाज नाही. फार हसतात.
'होम'ची तयारी: घर, मायदेश, अनाथाश्रम. 'ॲट होम' म्हणजे अवघडलेपण नसणं. याला उदाहरण सुचेना. फेऱ्या मारल्या.

बुधवार
पाय मोकळे करायला गेले, ते नेमके तिकडेच. सिंधुबाई म्हणाली, "या बाई, हात धुई ल्या." म्हटलं, या गल्लीत राहायला आल्यापासून सात वर्षांत मला एकदाही आमंत्रण नाही. छबूबाई हसतच सुटली. "याले आवतन नही ऱ्हास बाई! जिन्हा घाटा शिजस ती हाक मारस. तुम्ही कधी मारीच नही."
एक बिबडा थापला. फाटला. फडकं नीट ओलं नव्हतं.
घरी येऊन ज्वारी भिजत घातली. केवळ वर्ग भरावा म्हणून.

रविवार, १२ एप्रिल. सकाळी ६.४०
घाटा शिजला. बराचसा.
ओट्यावर उभी राहिले. निवृत्त हेडमिस्ट्रेसने गल्लीत ओरडायचं? घसा खाकरला, आत आले. आमंत्रणाच्या पाच चिठ्ठ्या लिहिल्या, स्वतः दारोदार दिल्या. सिंधुबाईने विचारलं, "हाई काय शे, बाई?" म्हटलं, वाचा. बेबीबाईने चिठ्ठी उलटी धरून पाहिली आणि जपून देवापाशी ठेवली.

७.०५
कोणी नाही. घाट्यावर साय धरते आहे.

७.२०
घाट्यात आता पळी उभी राहते. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं आहे: येणार की नाही, ते आज साडेसातच्या आत लेखी कळवावे. तोवर मी हाक मारणार नाही.