इंदापूरच्या खोलीची तुळई

अहो,

हाक मारायला माझ्याकडे तुमचं एवढंच नाव होतं. तेव्हा कागदावरही तेच.

आज लिहायला बसले, कारण सकाळी मी भगवानराव कंत्राटदाराच्या वास्तुशांतीत भरल्या पानावरून उठून आले. बारामतीत एव्हाना घरोघरी माझ्या नावाचा उद्धार चालला असेल. 'नवरा गेल्यापासून बाई बिथरलीय' इथपर्यंत मजल गेली असेल. तुमच्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जाण्याआधी माझ्याकडून ऐका. तोंडाची चव अजून कडू आहे, आणि ती काही उपाशी राहिल्यामुळे नाही.

तुम्ही भाड्याच्या खोल्या मागे ठेवून गेलात, बारामतीत दोन आणि इंदापुरात चार. लोक म्हणाले, चला, वैनींची सोय झाली. सोय! आज मोरी तुंबली, उद्या बिजागरी निखळली, परवा माळवद गळायला लागलं. आणि ते दुरुस्त करायला येणारी माणसं? ती तुम्ही मला कधी दाखवलीच नाहीत. एक येतो, भिंतीवर टिचकी मारतो, चुकचुकतो आणि आधीच्या गवंड्याला शिव्या घालतो. दुसरा येतो, तो पहिल्याला घालतो. कामाच्या दिवशी प्रत्येकाच्या घरी कोणीतरी आजारी. एकाने तर एकाच आजीचं सुतक माझ्या देखत दोनदा पाळलं. भवानीनगरला साखर कारखाना निघाला तसे बरे हात तिकडे गेले, आणि आमच्या वाट्याला हा गाळ आला.

इंदापूरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं माळवद गळतंय, असा निरोप हलीमाबीने धाडला. तीच हो, मेहबूबभाई शिंप्यांची बायको. आपण ती खोली सोडून बारामतीला आलो त्या दिवसापासून तेच राहतात तिथे. मी धाकट्या भावजींना म्हटलं, आबा, कोणीतरी खात्रीचा माणूस बघा. तर आबा म्हणाले, "बघायचं काय त्यात? भगवानरावला सांगायचं. त्यानं दादांना खांदा दिलाय, वैनी. त्याला डावलून दुसऱ्याला काम दिलं तर लोक काय म्हणतील?"

झालं. तुमच्या तिरडीला खांदा दिला म्हणून आपल्या घरांची डागडुजी त्याची! आपल्याकडे एकदा असं नातं लागलं की पुढे काही विचारायचं नसतं. काय करणार, कधी करणार, कोणतं लाकूड घालणार, विचारलंत की तुम्ही कृतघ्न. मी तरी विचारलं. "वैनी, घरचंच काम हाय. तुमी निवांत ऱ्हावा," भगवानराव म्हणाला. माळवदावर चढून बघते म्हटलं, तर तो आणि आबा दोघेही असे हसले की जणू मी फेटा बांधायला मागितला.

आणि तुमच्यावरही राग आहे माझा. याच माणसाबद्दल तुम्ही जेवताना काय म्हणायचात? "भगवानकडून काम घ्यायचं तर त्याच्या मागं उभं राहायला पाहिजे." मला सांगितलंत, ताक प्यालात आणि उठलात. एकदा आबांनाही सांगून ठेवायला काय झालं होतं? आमच्या बोलण्याला पुरावा लागतो, तुमचा नुसता शब्द चालला असता!

काम सुरू झालं. एक दिवस भगवानराव दारात आला, ओंजळीत भुसा. "तुळईला वाळवी लागलीय वैनी. निस्ता भुगा झालाय. बदलावी लागंल." तुमच्या हातची सागवानी तुळई! मला भरूनच आलं. म्हटलं, जुनी अंगणात ठेवा, मला एकदा बघायचीय. तर म्हणाला, "कवाच जळाणात गेली."

जळणात! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्या खोलीत आपला संसार सुरू झाला होता. तारूचा पाळणा त्याच तुळईला टांगला होता. आठवतं? लोहाराकडे एकसारख्या कड्या मिळेनात, तर तुम्ही एक गोल कडी त्याच्याकडून आणलीत आणि दुसरी मोडक्या गाडीची, चपटी, काढून बसवलीत. पाळणा कायम एका बाजूला कलायचा. मी चिडले की म्हणायचात, "पोरीला कललेलंच आवडतं, बघ कशी झोपलीय." तारू आता काटेवाडीला नांदते, तिलाही दोन मुलं झाली. तरी ती तुळई गेली म्हटल्यावर तुम्ही पुन्हा गेल्यासारखं वाटलं.

मग हलीमाबीचा दुसरा निरोप आला. मी तडक एसटीने इंदापूर गाठलं. काय पाहिलं म्हणून सांगू! नवी तुळई म्हणून बाभळीचा ओला ओंडका. साल तशीच, त्यातून डिंक गळतोय, त्याला मुंग्या लागलेल्या, खोलीभर आंबूस वास. मध्येच पोट सुटल्यासारखी खाली वाकलेली. मेहबूबभाईंनी बिचाऱ्यांनी खोलीच्या ऐन मध्यावर टेकू उभा केला होता. शिवणाचं यंत्र दाराबाहेर उन्हात. आणि टेकूला लागून खाटेवर त्यांची लेक, बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले.

हलीमाबीने एका शब्दाने दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "माई, रातीला लाकूड वाजतंय. मला झोप न्हाय. पोरीला हितनं हलवू तरी कुठं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरमालकीण म्हणून मी त्यांच्या डोक्यावर काय घातलं होतं?

भगवानरावाला गाठलं तर दात कोरत म्हणाला, "लाकूड हाय, जरा बसायचंच." जरा बसायचंच! त्याच्या कपाळावर बसलं असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं. पाप लागो. आबांकडे गेले, तर त्यांच्या हातात वास्तुशांतीचं आवतण. भगवानरावने बारामतीत नवं घर बांधलेलं. "आदी हे शुभकार्य पार पडू द्या वैनी. मग मी बोलतो त्याच्याशी. उगाच न जाऊन आपण वाईटपणा का घ्यायचा?"

म्हणून गेले. हळदीकुंकू मला वगळून पुढे गेलं, त्याचं काही नाही. सोप्यात बायकांची पंगत, समोर ओसरीवर पुरुषांची. वरण वाढलं, भात वाढला, तूप आलं. घरभर ताज्या रंगाचा वास. मी सहज वर पाहिलं. तुळई हिरव्यागार तेलरंगाने रंगवलेली, तिला आंब्याच्या पानांचं तोरण. तोरण कशात अडकवलंय म्हणून नीट बघितलं.

एक कडी गोल. एक चपटी.

घास हातात तसाच राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती काय असते ते कळलं. ह्याने कड्यासुद्धा काढल्या नव्हत्या हो! आपल्या नातवाचा पाळणा टांगायला बऱ्या म्हणून ठेवल्या असतील. आणि तिकडे दुसऱ्याची पोर त्या चिकट ओंडक्याखाली श्वास धरून निजलेली! शिसारी आली मला. त्या तुपाची, त्या तोरणाची, तिथल्या प्रत्येक हसऱ्या तोंडाची.

तेवढ्यात तोच लाडवांचं ताट घेऊन आला. "घ्या वैनी, लाजायचं न्हाय."

मी म्हटलं, "भगवानराव, ही तुळई जळणात गेली होती ना?"

"कंची तुळई?" त्याने वरही पाहिलं नाही. न बघताच कळलं होतं त्याला.

"एक कडी गोल, एक गाडीची. माझ्या तारूचा पाळणा होता तिला."

"तसल्या कड्या गावात कुटंबी घावतील."

"मग चपट्या कडीची आतली बाजू बघा. पाळण्याच्या दोरीने घासून तिला खाच पडलीय. रंग खरवडा, मी इथंच बसते."

मग तो हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वैनी, म्या तुमच्या मालकाला खांदा दिलाय."

"दिलात. म्हणून त्यांचं लाकूड तुमचं झालं का?"

आबा ओसरीवरून म्हणाले, "वैनी, शुभकार्य हाय. आदी जेवून घ्या." मी ताटाला नमस्कार केला आणि उठले. मागे वळून पाहिलं तर तुमचे सख्खे भाऊ भातावर तूप वाढून घेत होते. भगवानरावाची तरी मला फक्त चीड आली. आबांची किळस आली. लिहायला बरं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू?

दिवेलागणीला भगवानरावची म्हातारी आई काठी टेकत आली. दारातच बसली. म्हणाली, "सूनबाई, माज्या घरातनं तू उपाशी उठलीस. म्या त्याला सांगितलंय, ती तुळई उतरीव, तवर मी त्या घरात पानी पिनार न्हाय." पाठोपाठ तोही आला. नवं सागवान देतो म्हणाला. मी म्हटलं, मला नवं नको. माझं तेच हवं. आई दारात बसून होती, तेव्हा त्याला कबूल व्हावंच लागलं. आता त्याच्या नव्या घराच्या मध्यावर टेकू लागलाय म्हणे. ऐकून मला बरं वाटलं. वाटू दे.

उद्या सकाळी तुळई गाडीने निघेल. पण तुम्हाला ठाऊक आहे, इंदापूरच्या आपल्या बोळात गाडी शिरत नाही. तिथून खोलीपर्यंत ती चौघांनी खांद्यावरच न्यावी लागणार. पुढचं टोक कोणी धरायचं ते मी सांगून ठेवलंय.

तुम्हाला शब्द देते. त्याचा खांदा तिच्याखाली येईपर्यंत मी बोळाच्या तोंडातून हलणार नाही. मग पदर खोचून माळवदावर चढेन आणि तुळई बसेपर्यंत त्याच्या मागे उभी राहीन, तुम्ही म्हणायचात तशी. ज्यांना हसायचं ते हसोत. हलीमाबीच्या नातवंडाचा पाळणा त्याच कड्यांना टांगू. कलला तर कलू दे.

आणि तारूला बजावून ठेवते. माझ्या वेळी खांदा द्यायला जो पुढे येईल त्याला आधी विचार, बाबा, तू धंदा काय करतोस?

तुमचीच,
तारूची आई